पोस्टिंग कुठे होती, की घडलं काय? माजी सैनिक स्त्रिया, पीटीएसडी आणि डिसॅबिलिटी पेन्शन

वैनगंगा (धागाकर्ती)

नागपूर, कामठी आणि आसपासच्या माजी सैनिकांना पेन्शनची कागदपत्रं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. कामठीला गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं सेंटर, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर बांधून राहिलेली कुटुंबं पुष्कळ. माझ्याकडे येतात ते बहुतेक पुरुष. गुडघे, मणका, कान, रक्तदाब. मनाच्या आजारासाठी अर्ज करणारा पुरुषच कमी, बाई तर जवळपास नाहीच.

अलीकडे असा एक अर्ज आला. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. सेवेतला मोठा काळ त्यांनी लष्करी रुग्णालयांच्या सर्जिकल आणि बर्न्स (भाजलेल्यांच्या) वॉर्डात काढला. काश्मीरमधून जखमी जवान विमानाने यायचे ते थेट यांच्या वॉर्डात. सुरुंगाने पाय गेलेली विशीतली पोरं. जो पाय उरलेलाच नाही तो खाजतोय म्हणून रात्रभर सिस्टरला हाका मारणारा एखादा. आज शेजारी कुणी कचरा पेटवला तरी बाई घर सोडून निघून जातात. झोप मोडते, वॉर्डातली तीच दृश्यं परत परत येतात, नातवाला अंघोळ घालताना हात थरथरतात. तज्ज्ञांनी पीटीएसडीचं, म्हणजे भयंकर आघातानंतर मागे राहणाऱ्या मनाच्या आजाराचं, निदान केलं, सेवा सुटताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने ते मान्य केलं, टक्केवारीही दिली. पुढच्या रकान्यात मात्र लिहिलं: सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. कारण एका ओळीचं. आजार पीस स्टेशनवर, म्हणजे लढाईपासून दूरच्या शांत ठिकाणी, सुरू झाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिसॅबिलिटी पेन्शन मिळायला दोन गोष्टी लागतात. अपंगत्व किमान 20 टक्के हवं, आणि ते सेवेमुळे उद्भवलेलं किंवा बळावलेलं हवं. दुसरी अट हुकली तर टक्केवारीला काही अर्थ उरत नाही. 2008 च्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत मनोविकार कधी सेवेशी जोडायचे ते दिलं आहे: युद्धक्षेत्र, बंडखोरीविरोधी कारवाईचा प्रदेश, अतिउंच भाग, एकाकी चौक्या, आपत्तीत मृतदेहांच्या सान्निध्यात केलेलं काम वगैरे. यादी वाईट नाही. पण जवळजवळ सगळी यादी माणूस कुठे होता यावर उभी आहे. त्याच्या हातून काय गेलं, डोळ्यांसमोर काय घडलं, हा प्रश्न त्यात मागे पडतो.

आता बायका कुठे होत्या ते बघा. 1888 पासून नर्सिंगमध्ये. नंतर डॉक्टर म्हणून. 1992 पासून इतर शाखांमध्ये, तेही शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या. पायदळ आणि रणगाडा दलात आजही नाहीत. म्हणजे जिथे जायची त्यांना परवानगीच नव्हती, तिथे त्या नव्हत्या म्हणून त्यांचा आजार सेवेचा नाही. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं आणि अपिलात हेच मांडायचं आहे. तुमचे अनुभव, कायद्याची माहिती, विरोधी मतं, सगळं लिहा.

गार्ड_कामठी

ताई, मी हवालदार रँकवरून रिटायर झालो. मले डिसॅबिलिटी भेटली, मनाच्याच आजाराची. काऊन भेटली, तर माह्या कागदावर काश्मीर घाटीतली पोस्टिंग लिवली होती. बोर्डाच्या डॉक्टरनं पोस्टिंगचा कागद पायला आन् दोन सवाल इचारले, झालं.

आमच्या पार्टीवर ग्रेनेड पडला तवा मले जास्त लागलं नव्हतं, पण जोडीदार गेला. त्याले हास्पिटलात आणलं तवा तो जिता होता. शेवटपर्यंत त्याच्यापाशी एक सिस्टर बसून होती. मी बाहेर व्हरांड्यात होतो. तेनं जे पायलं ते मी पायलं नाही. आता सांगा, मले पेन्शन आन् त्या सिस्टरले नाही, हा कोणता हिशोब झाला? तुमी लिवून राहिल्या ते बरोबर आहे. अपिलात लागत असन तर मी लिवून द्यायले तयार आहो.

रामटेकचा_फौजी

मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. मी अधिकारी म्हणून निवृत्त झालो, बोर्डांची प्रकरणं जवळून पाहिली आहेत. बोर्ड बाई-पुरुष बघत नाही. पीस स्टेशनवर आजार सुरू झालेल्या पुरुष क्लार्कलाही हेच उत्तर मिळतं. नियम सर्वांना एकच आहे, मग त्यात स्त्री-पुरुष न्यायाचा प्रश्न कुठून आला?

दुसरं, मनाच्या आजाराचा एक्स-रे निघत नाही. पुरावा सैल केला की खोटे दावे वाढतील आणि त्याची झळ खऱ्या आजारी जवानांनाच बसेल. सियाचीनमध्ये राहून आलेला आणि एसी वॉर्डात ड्युटी केलेला एका मापात मोजायचा का?

वैनगंगा

साहेब, एसी वॉर्डाबद्दल आधी. बर्न्स वॉर्डात रोज ड्रेसिंग बदलताना माणूस कसा ओरडतो ते त्या बाईंनी मला सांगितलं आहे. ते मी इथे लिहीत नाही. पण तापमानावरून त्याची तुलना करू नका, ही विनंती.

तुमचा पहिला मुद्दा निम्मा खरा आहे. त्याच वॉर्डातल्या पुरुष नर्सिंग असिस्टंटलाही हीच ओळ लिहून मिळेल, आणि त्याच्यावरही तो अन्यायच आहे. मागणी मान्य झाली तर त्याचाही फायदा होईल. पण नियम एकच असला म्हणजे परिणाम एकच होतो असं नाही. पुरुषांपैकी अनेकांच्या कागदावर केव्हातरी फिल्ड पोस्टिंग, म्हणजे कारवाईच्या भागातली नेमणूक, लागतेच. बाईच्या कागदावर ती लागण्याची वाटच अनेक दशकं बंद होती.

वकील_सिव्हिल_लाइन्स

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. 17 फेब्रुवारी 2020 च्या बबिता पुनिया निकालाने स्त्री अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या सेवेचा, दरवाजा उघडला. त्यानंतर सैन्याने त्यांची निवड करताना वैद्यकीय निकष लावले. पुरुष सहकाऱ्यांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झालेली, आणि यांची मात्र चाळिशी-पन्नाशीत, निकष तोच. 25 मार्च 2021 रोजी नितीशा प्रकरणात न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं: नियम वरून सर्वांना सारखा, पण त्याचा भार एका गटावर जास्त. फौजी साहेबांच्या 'नियम सर्वांना एकच' या मुद्द्याला हेच उत्तर आहे. अपिलात हा निकाल घालाच.

नर्सिंग सर्व्हिसबद्दल वेगळं सांगायला हवं. सेलिना जॉन यांना 1988 साली लग्न केलं म्हणून सेवेतून काढलं होतं. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला त्यांना 60 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. ज्या नियमाखाली काढलं तो 1995 मध्ये मागे घेतला गेला होता, पण त्यांचा न्याय व्हायला आणखी जवळपास तीस वर्षं गेली. नर्सिंग ऑफिसरला सैन्याचा पूर्ण भाग मानायचं की नाही, ही नजर अजून पुरती बदललेली नाही असं माझं मत आहे.

पेन्शनच्या बाजूने सर्वांत उपयोगी निकाल 2013 चा धरमवीर सिंग. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, आणि बोर्डाने संबंध नाही म्हटलं तर कारणं द्यायची. 'पीस स्टेशनवर सुरू झाला' ही फक्त जागेची नोंद झाली, कारण नव्हे. तिथे काय काम होतं याचा विचार बोर्डाने केला का, हा तुमचा प्रश्न असला पाहिजे. मात्र आधी त्यांची सेवा कधी संपली ते बघा, कारण नियम 1982 चे, 2008 चे आणि 2023 चे वेगवेगळे आहेत.

मिहान_ते_मेरीलँड

नागपूरचाच, सध्या अमेरिकेत. इथे हा वाद बराच आधी झाला आहे म्हणून लिहितो.

इथल्या माजी सैनिक विभागात बरीच वर्षं पीटीएसडीचा दावा लढाईच्या नोंदीवर चालायचा. स्त्रियांना थेट जमिनीवरच्या लढाईच्या तुकड्यांत अधिकृत मनाई होती, ती 2013 मध्ये उठवली. प्रत्यक्षात इराक-अफगाणिस्तानात त्या ट्रकच्या ताफ्यांत होत्या, स्फोटांत सापडत होत्या, पण कागदावर 'लढाई' नाही. स्त्री-पुरुषांच्या मंजुरीतली तफावत अभ्यासली गेली तेव्हा तिचा बराचसा भाग या लढाईच्या नोंदीपाशीच येऊन थांबला. मुद्दाम कुणी बायकांना नाकारत होतं असं नाही, मोजपट्टीच तशी होती. 2010 मध्ये नियम बदलला: शत्रूच्या किंवा दहशतवादी हल्ल्याची भीती सेवेच्या जागेशी आणि परिस्थितीशी जुळत असेल तर प्रत्येक घटनेचा वेगळा पुरावा मागायचा नाही.

पण सेवेत झालेल्या लैंगिक अत्याचारामुळे ज्यांना पीटीएसडी झाला, त्यांना या बदलाचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे. तक्रारीची नोंद नसली तरी इतर खुणा चालतात: अचानक मागितलेली बदली, घसरलेला कामाचा शेरा, वाढलेलं व्यसन, गर्भचाचणीचा कागद, मैत्रिणीला लिहिलेलं पत्र. आणि अशा खुणा चालतात हे अर्जदाराला आधी सांगितल्याशिवाय दावा नाकारता येत नाही. फौजी साहेब, यात पुरावा सैल केलेला नाही, पुरावा कुठे शोधायचा ती जागा वाढवली आहे.

एवढं करूनही 2018 मध्ये माजी सैनिक विभागाच्याच महानिरीक्षकांनी तपासलं तर नाकारलेल्या अशा दाव्यांपैकी जवळपास निम्मे चुकीच्या पद्धतीने हाताळलेले निघाले. कलम होतं, पण हाताळणाऱ्यांना शिकवलेलं नव्हतं. आपल्याकडे नियम बदलला तरी बोर्डावरच्या माणसांचं प्रशिक्षण विसरून चालणार नाही.

आणखी एक. इथे आरोग्यसेवेत प्रत्येक माजी सैनिकाला सेवेत लैंगिक अत्याचार झाला का, हा प्रश्न विचारतात. स्त्रियांपैकी साधारण तीनात एक आणि पुरुषांपैकी पन्नासात एक जण होकार देतो. पुरुष संख्येने इतके जास्त आहेत की तो आकडाही लहान राहत नाही.

मनोरोग_डॉ

मी या शहरात मनोविकारांवर काम करतो. पीटीएसडी हे निदान 1980 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात आलं. त्यामागे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा रेटा होता हे सगळ्यांना माहीत असतं. पण 1974 मध्ये बर्जेस आणि होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टनमध्ये बलात्कारपीडित स्त्रियांमध्ये तशीच लक्षणं नोंदवली होती, हे फार कमी सांगितलं जातं. या निदानाची एक मुळी रणांगणात आहे आणि एक तिथे.

1995 च्या अमेरिकेतल्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी पीटीएसडी झालेल्या स्त्रिया 10.4 टक्के आणि पुरुष 5 टक्के होते. त्यावरून बायका नाजूक असा निष्कर्ष काढणारे भेटतात. त्याच सर्वेक्षणात बलात्कार हा सर्वांत मोठा आघात म्हणून सांगणाऱ्या पुरुषांपैकी 65 टक्क्यांना पीटीएसडी झालेला होता, स्त्रियांपैकी साधारण 46 टक्क्यांना. आघात कोणता, यावर फार काही ठरतं.

जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांबद्दलही शंका नको. कामाचा भाग म्हणून पुन्हा पुन्हा भयंकर तपशिलांना सामोरं जावं लागणं, हे 2013 च्या सुधारित निकषांत स्पष्ट शब्दांत आहे. बाईंच्या डॉक्टरांच्या अहवालात फक्त 'पीटीएसडी' लिहिलेलं असेल तर त्यांच्याकडून सविस्तर अहवाल घ्या: कोणता आघात, कोणतं लक्षण त्याच्याशी कसं जोडलेलं. जळका वास आणि बर्न्स वॉर्ड हे नातं कागदावर आलंच पाहिजे.

नाव_नको

मी शॉर्ट सर्व्हिस करून बाहेर पडले. अमेरिकेतल्या खुणांची यादी वाचली आणि म्हणून लॉग इन केलं.

माझ्या बाबतीत घडलं तेव्हा मी तक्रार केली नाही. कायद्याने तीन महिन्यांत करायची असते, समितीला वाटलं तर आणखी तीन. मला ते स्वतःच्या आईला सांगायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागला. युनिटमध्ये बाई मी एकटी होते. मी बदली मागितली, कारण घरगुती लिहिलं. त्या वर्षीचा माझा शेरा घसरला. सुटताना मेडिकलला डॉक्टरांनी झोप लागते का विचारलं, मी हो म्हणाले. कागदावर मी पूर्ण तंदुरुस्त.

मला पेन्शन वगैरे काही नाही, कारण तेवढी वर्षंच झाली नाहीत. बदलीचा अर्ज आणि तो शेरा, दोन्ही माझ्याकडे आहेत. ते पुरावा होऊ शकतात असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

वैनगंगा

ताई, तुम्ही लिहिलंत, हेच खूप आहे. इथे यापुढे काही सांगायचं बंधन नाही. सेवा सुटल्यावर उघड झालेल्या आजाराचाही दावा करता येतो, हे मात्र नक्की सांगते. तयार झालात तर मला खाजगी निरोप करा, मी एकटीच वाचेन. आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाला आहे.

बाकीच्यांना विनंती, त्यांना कोणीही तपशील विचारू नये.

दत्तवाडीची

मी जवानाची बायको. यांचा बोर्ड झाला तेव्हा मी बाहेर बसले होते. आत जाऊन यांनी सगळ्याला 'ठीक आहे सर' सांगितलं. घरी मात्र फटाके वाजले की हे पलंगाखाली. दिवाळीत आम्ही गावाबाहेर शेतावर जाऊन राहतो. वाडीत लोक विचारतात, मी पाहुण्यांकडे जातो म्हणून सांगते.

बोर्डाने घरच्या माणसाला एकदा तरी विचारावं. नवरा बोलणार नाही, त्याला बाईसारखं रडायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेलं. आणि बाई बोलली तर ती घरच्या कटकटीने आजारी आहे म्हणतात. माझ्या मावशीच्या नणंदेला, तीही नर्सच होती, बोर्डात पहिला प्रश्न सासरी त्रास आहे का असा विचारला होता. पुरुषाला कधी विचारतात का, सासुरवाडीचा त्रास आहे का?

मनोरोग_डॉ

दत्तवाडीताईंचं निरीक्षण महत्त्वाचं आहे. स्त्रीच्या आजाराचं कारण घरात शोधायचं ही सवय नागरी दवाखान्यांतही आहे. 'कौटुंबिक ताण' हा शब्द एकदा केसपेपरवर आला की पुढचा प्रत्येक डॉक्टर तोच उचलतो, आणि सेवेचा संबंध तुटायला तेवढं पुरतं. वैनगंगाताई, बाईंच्या जुन्या केसपेपरवर असा शेरा आहे का, ते नीट बघा.

हिंगणा_सीआरपीएफ

माझी बहीण सीआरपीएफमध्ये होती. आमच्याकडची पहिली महिला बटालियन, 88 वी, 1986 ला उभी राहिली, म्हणजे फौजेच्या शाखांत बायका यायच्या आधी. पण सीआरपीएफवाल्यांना आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल (सैन्यदलांचं न्यायाधिकरण) नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, नियम नागरी एक्स्ट्राऑर्डिनरी पेन्शनचे. कारवाईच्या भागात पोस्टिंग असूनही 'माजी सैनिक' नाही. या धाग्यात आमचाही विचार व्हावा.

वकील_सिव्हिल_लाइन्स

खरं आहे. सीआरपीएफचं प्रकरण उच्च न्यायालयात जातं, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

रामटेकचा_फौजी

सगळं वाचलं. खोट्या दाव्यांची माझी काळजी कायम आहे, पण ज्या कामाची ड्युटी रजिस्टरमध्ये नोंद आहे ते काम तपासता येतं, हे मान्य. वॉर्डाच्या नावासकट ड्युटी दाखवता येत असेल तर तिला फिल्ड पोस्टिंगइतकंच वजन मिळावं, याला माझी हरकत नाही. मात्र सरसकट सगळ्या रुग्णालयीन ड्युटीला नको. ओपीडीत बसणं आणि बर्न्स वॉर्ड यांत फरक ठेवा.

नाव न देणाऱ्या ताईंना: मी तुमच्या युनिटचा कमांडिंग ऑफिसर असतो तर मला हे कळायला हवं होतं. तुम्हाला सांगता आलं नाही, यात दोष तुमचा नाही.

वैनगंगा

धन्यवाद साहेब. ओपीडी आणि बर्न्स वॉर्डातला फरक मलाही मान्य आहे. मागणी तीच आहे: बोर्डाने जागेच्या नावावर न थांबता काम बघावं.

डॉक्टरसाहेब, केसपेपर काढून बघितले. तुमची शंका खरी निघाली. एका भेटीच्या कागदावर 'सुनेशी मतभेद' असं लिहिलेलं आहे. बाई म्हणतात, मी झोप येत नाही म्हणून गेले होते, सुनेचा विषय डॉक्टरांनीच काढला.

वकीलसाहेब, आता क्रम काय ठेवू?

वकील_सिव्हिल_लाइन्स

आधी बोर्डाची पूर्ण कार्यवाही माहितीच्या अधिकारात मागवा, नुसतं नकाराचं पत्र पुरत नाही. पोस्टिंगचा पूर्ण इतिहास वॉर्डांसह हवा, ड्युटी रोस्टर मिळालं तर उत्तम. सोबत काम केलेल्या दोन-तीन सिस्टर किंवा डॉक्टरांची शपथपत्रं घ्या. त्यात मतं नकोत, फक्त काय बघितलं ते. गार्ड भाऊंचंही घ्या, ते रुग्णालय बाईंचंच होतं असं निघालं तर. सुनेचं एक स्वतंत्र शपथपत्र जोडा, म्हणजे तो केसपेपरवरचा शेरा आपोआप निकामी होतो. डॉक्टरांचा सविस्तर अहवाल वर सांगितलाच आहे.

पहिलं अपील नकारापासून सहा महिन्यांत करायचं असतं. मुदत टळली असेल तर विलंबाचं कारण आजारच आहे, तसं लिहा. तिथे नाकारलं तर दुसरं अपील, मग ट्रिब्युनलचं मुंबई खंडपीठ. थकबाकीबद्दल आताच सांगून ठेवा: 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर उशिरा गेलेल्याला साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून उगाच दिवस घालवू नका.

मसुदा तयार झाला की पाठवा, वाचून देतो, फी नको. शपथपत्रं हातात येईपर्यंत मात्र दाखल करू नका.

गार्ड_कामठी

ताई, माह्या जोडीदाराले कोणत्या हास्पिटलात नेलं होतं ते आन् तारीख, दोन्ही माह्या जुन्या डायरीत आहे. तुमाले खाजगीत धाडून राहिलो. जुळलं तर सांगजा, नोटरीकडे मीच येतो.